गाय आण, दिवा लाव

घरातल्या बोलण्यात निम्मी वाक्यं हुकमाची असतात, पण त्यांतली फार थोडी आज्ञार्थात असतात. “अंधार झाला की गं” म्हणजे दिवा लाव. “किती शिट्ट्या झाल्या?” म्हणजे गॅस बंद कर. “आपल्याकडे पंखा आहे वाटतं” म्हणजे तो लावायचं कुणालाच कसं सुचत नाही. “दार वाजतंय” हे चौघांच्या घरात कुणीही म्हटलं तरी उठायचं कुणी, हे चौघांनाही कळतं. व्याकरणाच्या पुस्तकात ही वाक्यं विधानार्थी आणि प्रश्नार्थी या रकान्यांत पडतील. घरात मात्र त्यांच्यावर कामं होतात.

आवाजावर चालणारी यंत्रं या बोलण्यात येऊन बसली त्याला आता काही वर्षं झाली. ॲमेझॉनचा एको अमेरिकेत २०१४ मध्ये आला, भारतात २०१७ मध्ये; गूगल होम इथे २०१८ मध्ये आलं; ॲलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलू लागली. या यंत्रांबद्दलच्या तक्रारी घरोघर सारख्याच. ऐकत नाही, ऐकलं तर भलतंच ऐकतं. सांगावं एक गाणं आणि लागतं दुसरंच. टीव्हीवरच्या मालिकेतली सून काहीतरी बोलते आणि कोपऱ्यातलं यंत्र तिला उत्तर देतं. आपण या तक्रारी तंत्रज्ञानाच्या खात्यावर टाकतो आणि पुढच्या आवृत्तीची वाट बघतो. मला त्या भाषांतराच्या तक्रारी वाटतात. या यंत्राशी बोलताना घरात सतत भाषांतर चाललेलं असतं. ते कोण करतं, कुणासाठी करतं आणि त्यात काय गळतं, हे तपासणं समीक्षेचं काम आहे.

यंत्राच्या बाजूने पाहिलं तर मामला सरळ आहे. हाक मारायचा एक ठरलेला शब्द असतो. तो कानावर पडेपर्यंत यंत्र त्या एकाच शब्दाची वाट बघतं. शब्द ओळखला की पुढचं बोलणं सहसा कंपनीच्या सर्व्हरकडे जातं, तिथे आवाजाचा मजकूर होतो आणि त्या मजकुरातून दोन गोष्टी काढल्या जातात: करायचं काय, आणि कशाचं. या क्षेत्रातले लोक पहिल्याला ‘इंटेंट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘स्लॉट’. ‘हॉलचा लाईट चालू कर’ यात चालू करणं हा इंटेंट आणि हॉलचा लाईट हे स्लॉटमध्ये बसवायचं नाव. ‘जरा’, ‘की’, ‘गं’, ‘वाटतं’, वाक्य अर्ध्यावर सोडून दिव्याकडे नुसतं बघणं, या सगळ्याला या रचनेत जागा नाही. भाषांतर करणाऱ्यांना ठाऊक असतं की एखाद्या कादंबरीतल्या संवादात नेमकी हीच चिल्लर दुसऱ्या भाषेत नेताना घाम फोडते. कथानक पटकन पलीकडे जातं. ‘की गं’ जात नाही.

‘वाढवणे’ हे क्रियापद घ्या. मराठीत देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. हिंदी प्रदेशात संध्याकाळी दुकान आवरायचं तर ‘दुकान बढ़ाते हैं’, दिवा विझवायचा तर ‘दिया बढ़ाते हैं’. बंगाली घरात तांदूळ संपला असं म्हणत नाहीत. ‘चाल बाडंतो’, म्हणजे तांदूळ वाढता आहे, असं म्हणतात. अशुभ शब्द तोंडून निघू नये म्हणून तीन भाषांनी एकच युक्ती योजली आणि संपण्याला वाढ म्हटलं. निरोप घेताना मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो आणि तमिळ माणूस ‘जाऊन येतो’ म्हणतो, तेही याच कुळातलं. आता जुन्या वळणाच्या कुणी यंत्राला ‘दिया बढ़ा दो’ सांगितलं, तर त्याने उजेड वाढवला म्हणून त्याला दोष कसा द्यायचा? कोशातल्या पहिल्या अर्थाशी ते प्रामाणिकच आहे. पण हा शब्द निवडणाऱ्याच्या मनात दिवा कायमचा न विझण्याची जी इच्छा आहे, ती कोशातल्या पहिल्या अर्थात नाही.

आपल्या काव्यशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. एक जुनं उदाहरण आहे ‘सैंधव आण’ या वाक्याचं. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशातला घोडाही. जेवायला बसलेल्या माणसाने म्हटलं तर मीठ आणायचं, बाहेर निघालेल्याने म्हटलं तर घोडा. ही अडचण यंत्र सोडवू शकतं, कारण पर्याय दोनच आहेत आणि प्रसंग ओळखता येण्याजोगा आहे. त्याहून अवघड उदाहरण मम्मटाने ‘काव्यप्रकाश’मध्ये चर्चेला घेतलं आहे: ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य. वाच्यार्थ एक. पण गुराख्याने ऐकलं तर गुरं घराकडे वळवायची वेळ झाली, व्यापाऱ्याने ऐकलं तर माल आवरायची, संध्या करणाऱ्याने ऐकलं तर संध्येची, आणि वाट पाहणाऱ्या बाईने ऐकलं तर प्रियकर येण्याची. मम्मटाचं म्हणणं असं की बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, इथूनच व्यंग्यार्थ उगवतो. म्हणजे “अंधार झाला की गं” या वाक्याचा अर्थ ‘अंधार’ या शब्दात शोधून सापडणार नाही. तो ‘गं’मध्ये आहे.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. मोठ्या भाषा-प्रारूपांवर बेतलेली नवी यंत्रं “खोलीत अंधार आहे” या वाक्यावरून दिवा लावावा, हा अंदाज बांधू शकतात. तेव्हा ‘यंत्राला ध्वनी कळत नाही’ एवढ्यावर समीक्षा थांबवली तर ती वर्षा-दोन वर्षांत शिळी होईल. माझा मुद्दा वेगळा आहे. अंदाज बरोबर आला तरी ऐकणाऱ्याचं स्थान रिकामंच राहतं. आईने लेकीला “अंधार झाला की” म्हटलं आणि लेक हातातलं काम सोडून उठली, यात दिवा लागणं ही निम्मीच घटना. उरलेली निम्मी म्हणजे तिला उठावं लागलं, किंवा ती “हो, लावते” म्हणून तशीच बसून राहिली आणि आईने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. या निम्म्या घटनेवर मराठीतल्या किती कथा उभ्या आहेत! यंत्र दिवा लावतं तेव्हा यातलं काहीच घडत नाही.

मग यंत्राला म्हणायचं काय? मराठीत ‘तू’ खाली जातो आणि वरही. विठ्ठल तू, आई तू, घरातलं लहान मूल तू. आणि अनेक घरांत कामाला येणारी बाईही तू, ती वयाने मोठी असली तरी. एकाच सर्वनामात लळा आणि उतरंड शेजारी शेजारी राहतात. आपण आवाजावरून, प्रसंगावरून त्यांतला नेमका ‘तू’ ओळखतो. यंत्राला आपण ‘तू’ म्हणतो तो यांपैकी कोणता? बहुतेक घरांत तो कामवालीसाठीचा ‘तू’ असतो, आणि ‘हजारदा सांगितलं तरी कळत नाही हिला’ हा सूरही तिथूनच येतो. हिला, कारण ती बाई आहे. इंग्रजीतल्या ‘आय’ला लिंग नाही, त्यामुळे तिथे आवाज बायकी असला तरी वाक्य तटस्थ राहू शकतं. बंगाली आणि तमिळ क्रियापदंही प्रथमपुरुषी बोलताना लिंग सांगत नाहीत. हिंदी-मराठीत ही पळवाट नाही. ‘लावते’ की ‘लावतो’, ‘कर रही हूँ’ की ‘कर रहा हूँ’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. युनेस्कोने २०१९ मध्ये या यंत्रांच्या बायकी, नम्र आवाजांवर एक अहवाल काढला. त्याला नाव दिलं होतं सिरीच्याच एका उत्तराचं: शिवी दिल्यावर ती म्हणायची की जमलं असतं तर मी लाजले असते. ‘लाजले असते’ हे भाषांतर करताना मला एक क्षणही थांबावं लागलं नाही, हीच त्यातली बोच. इंग्रजी वाक्याने जे आवाजावर सोपवलं होतं ते मराठीने क्रियापदात कोरून टाकलं.

सभ्यतेचंही असंच. मुलं यंत्रावर खेकसायला शिकतील या पालकांच्या भीतीपोटी २०१८ मध्ये ॲमेझॉन आणि गूगल दोघांनीही एक सोय आणली: मुलाने ‘प्लीज’ म्हटलं की यंत्र कौतुक करणार. कल्पना चांगली, पण ती एका भाषेची आहे. मराठी घरात ‘प्लीज’ला शब्दच नाही. ‘कृपया’ रेल्वेच्या फलाटावर राहतो, सरकारी पत्रात राहतो, स्वयंपाकघरात तो कधी येत नाही. “पाणी देतेस का?”, “दे ना जरा”, “तेवढं बघशील?” यांत सभ्यता क्रियापदाच्या शेपटात असते, ‘ना’मध्ये असते, ‘जरा’ आणि ‘तेवढं’ यांत असते. आज्ञेचं प्रश्नात रूपांतर करून आपण समोरच्याला नाही म्हणायची जागा ठेवतो. ही जागाच आपली विनंती. ‘कृपया दिवा लाव’ म्हणायला शिकलेलं मूल सभ्य झालं असं समजणं म्हणजे फलाटावरची उद्घोषणा हा शिष्टाचाराचा नमुना मानणं.

या सगळ्यात झीज कुणाची होते हे सांगण्यासाठी घरातलं एक उदाहरण देते. माझी आई साताऱ्याची, चौऱ्याहत्तर वर्षांची. शाळेत तिने तीस वर्षं मराठी शिकवलं. आता ती बंगळूरला आमच्याकडे राहते. इथल्या यंत्राला इंग्रजी आणि हिंदी येतं. गुडघ्यांमुळे तिला सारखं उठवत नाही, म्हणून यंत्र मुख्यतः तिच्यासाठीच घेतलं. तिने वाणसामानाची यादी सांगितली तेव्हा ‘गूळ’चं ‘गुल’ झालं आणि ‘केळी’चं ‘केली’. प्रमाण हिंदीत ळ नाही, त्यामुळे हिंदी ऐकायला शिकलेल्या कानाला तो ल वाटणार, हे समजण्यासारखं आहे. आईने पहिले काही दिवस ळ अधिक स्पष्ट उच्चारून पाहिला, जसा ती वर्गात उच्चारायची. मग ‘गुड़’ आणि ‘केला’ म्हणू लागली. मग यादी सांगणं सोडून दिलं. महिन्याभराने ती म्हणाली, “मला नीट बोलता येत नाही गं याच्याशी.” तीस वर्षं मुलांचे उच्चार घासून घेतलेल्या बाईचं हे वाक्य आहे. ‘याला मराठी येत नाही’ असं ती म्हणाली नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का कन्नड आणि दखनी बोलतात; त्यांनी यंत्राशी एकदाही बोलायचा प्रयत्न केला नाही, त्या सरळ बटण दाबतात. आईचं बटणापर्यंत जाणं गुडघ्यांनी अडवलं, म्हणून तिला आपलं बोलणं बदलावं लागलं.

इथे ‘ती फुलराणी’ आठवल्याशिवाय राहत नाही. शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली रंगमंचावर आलं, पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये त्याला मराठी मातीत आणलं. या नाटकाची आणि बोलत्या यंत्रांची नाळ आधीपासून जुळलेली आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी एमआयटीमध्ये केलेल्या, माणसाशी संवादाचा आभास करणाऱ्या १९६६ मधल्या कार्यक्रमाचं नाव होतं एलायझा, शॉच्या फुलवालीवरून घेतलेलं. नावात गृहीत होतं ते असं: यंत्र ही फुलवाली, तिला आपण हळूहळू बोलायला शिकवू. घरात मात्र भूमिकांची अदलाबदल झालेली दिसते. प्राध्यापक कोपऱ्यात बसला आहे, हिरवी-निळी कडी उजळून ऐकतो आहे, आणि आपण पुन्हा पुन्हा म्हणतो आहोत. शॉच्या पहिल्या अंकात लोकांचं बोलणं वहीत टिपून घेणाऱ्या प्राध्यापकावर गर्दीला पोलिसांचा माणूस असल्याचा संशय येतो. २०१९ मध्ये या यंत्रांमधली काही रेकॉर्डिंग माणसं ऐकत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तो प्रसंग कालपरवा लिहिल्यासारखा वाटला होता. फरक एवढाच की शॉच्या आणि पु. लं.च्या नायिकेला प्राध्यापकावर उलटण्याची संधी मिळते. पु. लं.ची मंजुळा त्याला धडा शिकवायची प्रतिज्ञा करते तेव्हा ती तिच्या मूळ बोलीत करते, आणि प्रेक्षागृह तिच्या बाजूचं असतं. घरातल्या वृद्ध फुलराणीला प्रेक्षागृह नाही. तिच्या वाक्याला “माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई” एवढंच उत्तर येतं. या उत्तरात क्षमा आहे, पण पुन्हा बोलण्याचं काम तिचंच आहे.

आणि हे सगळं एक मूल ऐकत असतं. मूल भाषा कशी शिकतं याचं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध चित्र मीमांसकांनी काढलं आहे. एक वडीलधारा दुसऱ्या मोठ्या माणसाला म्हणतो, “गाय आण.” तो उठतो आणि गाय आणतो. बाजूला बसलेलं मूल बघतं. मग “गाय बांध”, मग “घोडा आण”. कोणतं पद बदललं की कोणती कृती बदलते, हे पाहत पाहत मूल शब्दांचे अर्थ वेगळे काढतं. प्राभाकर मीमांसकांनी तर असा आग्रह धरला की शब्दाचा अर्थ सुटा कळतच नाही. काहीतरी करायला लावणाऱ्या वाक्याच्या जोडीनेच कळतो. या चित्रात माणसं तीन आहेत, आणि त्यातला मधला सगळ्यात महत्त्वाचा. त्याला वाक्य कळलं, तो हलला, म्हणून मुलाला अर्थ मिळाला. तो ज्या वाक्यावर उठणार नाही, त्या वाक्याला मुलाच्या लेखी अर्थच नाही.

आज कितीतरी घरांत त्या मधल्या माणसाच्या जागी यंत्र आहे. ते “हॉल लाईट ऑन” यावर हलतं, “अंधार झाला की गं” यावर हलत नाही. “गुड़” यावर यादीत ओळ उमटते, “गूळ” यावर भलतंच उमटतं. बाजूला बसलेलं मूल बघतं. आमच्याकडची सहा वर्षांची मुलगी आता आजीला सांगते, “आजी, तसं नाही म्हणायचं, मी सांगते.” आजीचं वाक्य ऐकून ती ते इंग्रजीत यंत्राला सांगते, दिवा लागतो, आजी “शहाणी गं माझी” म्हणते. दृश्य गोड आहे. पण भाषा वाहते त्या दिशेकडे पाहावं. आजीकडून नातीकडे जायचं ते नातीकडून आजीकडे येतं आहे, आणि येताना आजीचं वाक्य सोलून येतं आहे. नातीने त्यातून शिकलेला धडा असा की आजी जे बोलते त्याने गोष्टी घडत नाहीत, मी जे बोलते त्याने घडतात. घरातली भाषा मागे पडण्यासाठी कुणी तिच्यावर बंदी घालावी लागत नाही. तिच्यावर कामं होईनाशी झाली की पुरे.

या यंत्रांचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना दिसत नाही, ज्यांची बोटं वळत नाहीत, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आवाजाने दार उघडून दिलं आहे. आईला रात्री अंथरुणातून दिवा लावता येतो ही मोठी गोष्ट आहे. तिच्या गुडघ्यांना भाषांतराच्या चिंतेशी देणंघेणं नाही. मराठीही पुढे येते आहे. फोनमधला गूगल असिस्टंट २०१८ पासून मराठी घेतो. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी ‘भाषिणी’ योजना लोकांकडून आपापल्या भाषेतले आवाज गोळा करते, त्या उपक्रमाला ‘भाषादान’ असं नाव आहे. उद्या कोपऱ्यातल्या यंत्राला ळ नीट ऐकू येईल. तेव्हा त्याला ऐकू येणारी मराठी कोणती असेल, हा प्रश्न मात्र आजच विचारायला हवा. दान म्हणून दिलेला आवाज कागदावरचं वाक्य वाचणाऱ्याचा असेल, तर यंत्र वाचलेली मराठी शिकेल. साताऱ्यात, मालवणात, वऱ्हाडात, बडोद्याच्या आणि तंजावरच्या मराठी घरांत लोक वाचल्यासारखं बोलत नाहीत. ते अर्ध्यावर सोडतात, भलत्याच शब्दाने खरी गोष्ट सांगतात, संपलेल्या तांदळाला वाढता म्हणतात.

एखाद्या अनुवादाचं परीक्षण करताना आम्ही विचारतो: मूळ संहितेने किती सोडलं आणि लक्ष्यभाषेने किती हात पुढे केला? दोन्ही बाजूंना थोडं थोडं सरकावं लागतं; सगळं सरकणं एकाच बाजूचं असेल तर तो अनुवाद वाईट, वाचायला कितीही सुबक असो. या यंत्रांचं परीक्षण बाजारात होतं ते किती टक्के शब्द बरोबर ओळखले यावर. त्या मोजणीत आईचा ‘गुड़’ हा बरोबर ओळखलेला शब्द म्हणून जमा होतो. यंत्र समजलं, ग्राहक समाधानी, नोंद पूर्ण. ‘गुड़’ म्हणण्यापूर्वी तिने तीनदा ‘गूळ’ म्हटलं होतं आणि चौथ्यांदा सोडून दिलं, हे त्या मोजणीत कुठेच येत नाही. समीक्षेने निदान हे तीन ‘गूळ’ मोजावेत.